लग्नाचा गुच्छ : परवडणारी निळी फुले

(द्रोणागिरी परिसरातील शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



भातशेती गेली, खाजण गेले, राहिले ते घराभोवतीचे दोन-चार गुंठे, अशी तक्रार उरण-पनवेल भागात घरोघरी ऐकू येते. ती खोटी नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली, मागोमाग जमिनी संपादन झाल्या, 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल दोन्ही सुरू झाली. आता सकाळी तोडलेले फूल त्याच दिवशी मुंबईत पोचते. त्या दोन-चार गुंठ्यांचे काय करता येईल, एवढ्यापुरतेच आज बोलतो.

लग्नात हार-वेण्यांबरोबर हल्ली हातात धरायचा गुच्छ लागतो, आणि तोही साडीला शोभेल असा निळा. माझ्या पुतणीने असाच हट्ट धरला. दुकानात हायड्रेंजियाचा भाव ऐकून माझा भाऊ गप्प बसला. मग स्वस्त म्हणून रंगवलेली निळी शेवंती घेतली. मांडवात उकाडा, हाताला घाम. रंग बोटांना लागला आणि बोटांवरून नव्या शालूला. गुच्छात वाचवलेले पैसे शालूत गेले. म्हणून सांगतो, फूल निवडताना भावाबरोबर त्याचा स्वभावही पाहावा.

निळे फूल महाग का? मुळात ते निसर्गात कमी. गुलाबात निळ्या रंगाला लागणारे डेल्फिनिडीन हे द्रव्य तयारच होत नाही. जपानमध्ये जनुक घालून तयार केलेला ‘निळा’ गुलाब 2009 साली बाजारात आला, पण तोही फिकट जांभळाच. बाजारातला गडद निळा गुलाब रंगवलेला असतो. हायड्रेंजिया आम्लधर्मी जमिनीत निळा होतो हे खरे. पण त्याला थंड हवा लागते आणि पाणी कमी पडताच तो मान टाकतो. डेल्फिनियमलाही थंडीच हवी. लांबून, जपून आणलेल्या मालाचा भाव चढणारच.

आपल्या परसातला गोकर्ण खरा निळा आहे. परंतु त्याचा देठ आखूड आणि फूल लवकर कोमेजते. पूजेच्या तबकात तो शोभतो, हातातल्या गुच्छात टिकत नाही.

परवडणारे फूल म्हणजे अॅस्टर. महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा ‘फुले गणेश व्हायोलेट’ किंवा बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा ‘व्हायोलेट कुशन’ हे वाण पाहावेत. त्यांचा रंग जांभळट आहे, आकाशासारखा निळा नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगावे. सभागृहातल्या पिवळ्या दिव्याखाली तो अधिकच जांभळा दिसतो, म्हणून नमुना तेथल्या उजेडात दाखवावा.

माघ-फाल्गुनातल्या लग्नांसाठी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गादीवाफ्यावर बी पेरावे. अॅस्टरच्या बियांची उगवणशक्ती लवकर कमी होते, म्हणून गेल्या वर्षीचे उरलेले बी वापरू नये. साधारण महिन्याने, चार-पाच पाने आल्यावर, 30 × 30 सेंटिमीटरवर रोपे लावावीत. वाटा सोडून गुंठ्यात 800 ते 900 रोपे बसतात. पेरणीपासून साधारण साडेतीन ते चार महिन्यांत फुले मिळतात. खाडीलगतच्या खारवट जमिनीत हे पीक घेऊ नये. भरपूर शेणखत घालून, उंच वाफे करून, गोड्या पाण्यावरच घ्यावे. मे महिन्यातल्या लग्नासाठी मात्र येथे त्याचा भरवसा धरू नये; उन्हाळ्यात फूल लहान राहते.

आता गुच्छ. सगळा गुच्छ निळा करण्याचा आग्रह सोडावा, खर्च तेथेच वाढतो. अॅस्टरची 12-15 फुले, निशिगंधाच्या सहा-सात काड्या आणि कडेने नेच्याची पाने एवढे पुरते. पांढऱ्याशेजारी थोडी निळाईही उठून दिसते. बाजारात निळे स्टॅटिस मिळाल्यास दोन-तीन काड्या घालाव्यात. ते वाळले तरी रंग सोडत नाही, त्यामुळे आठवडाभर आधी घेऊन ठेवले तरी चालते.

अॅस्टरच्या बाहेरच्या पाकळ्यांच्या दोन-तीन ओळी उमलल्यावर सकाळी थंड वेळेला लांब दांड्यासह तोडणी करावी. खालची पाने काढून दांडे लगेच पाण्याच्या बादलीत ठेवावेत. गुच्छ बांधल्यावर देठांना ओला कापूस गुंडाळून वरून प्लॅस्टिक व फीत बांधावी. रंगवलेले फूल घ्यावेच लागले, तर पाकळीवर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला तर ते फूल घेऊ नये.

पहिल्या वर्षी गुंठाभरच लावा. आधी जवळच्या फुलवाल्याला आणि ज्या घरी लग्न ठरले आहे त्या घरी विचारा, तारीख लिहून घ्या, मग पेरणी करा. गिऱ्हाईक ठरवून लावलेले फूल वाया जात नाही. आणि शेजारच्या मुलीच्या लग्नात आपल्या वाफ्यातला गुच्छ असेल, तर तिच्या बापाचाही खर्च वाचेल.