मनाची उभारी

(दिंडीच्या शताब्दीनिमित्त अंधेरी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळींनी आम्हाला सांगितलं, ‘महाराज, अंधेरीत दोन शब्द बोला. विषय आहे, रोजच्या जगण्यात सकारात्मक विचार.’ आम्ही चौथी शिकलेलो, कांदा-बाजरी करणारी माणसं. एवढा जड शब्द आमच्या तोंडात बसत नाही. आमच्याकडं त्याला मनाची उभारी म्हणतात. त्या उभारीच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली, ती आज तुमच्या पायाशी ठेवतो.

मार्च २०२० ची गोष्ट. आमचा भाचा इथंच अंधेरीला डबे पोचवायचा. करोना आला, हापिसं बंद झाली, गिऱ्हाईक घरीच जेवाय लागलं. पोरगं बायको-लेकरं घेऊन जुन्नरकडं आमच्या घरी आलं. दिवसभर ओट्यावर बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. आम्ही पडलो कीर्तनकार. रोज संध्याकाळी सांगायचो, ‘बाळा, मन प्रसन्न ठेव. चांगलं चिंतलं की चांगलंच होतं.’

पाचव्या-सहाव्या दिवशी तो म्हणाला, ‘मामा, ठेवतो प्रसन्न. पण खोलीचं भाडं कोण देणार? कर्जाचा हप्ता कोण भरणार?’

आम्ही गप्प झालो. तीस वर्षं कीर्तनाला उभे राहतोय, पण त्या रात्री एक शब्द सुचला नाही. झोप लागेना. मग तुकोबाराय आठवले. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं. महाराजांनी यातलं काही झाकलं नाही. अभंगांत आपली लाज, आपलं दुःख उघड सांगितलं. आणि केलं काय? लोकांकडून येणं होतं, त्यातली आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं सांगतात. स्वतः होरपळलेल्या माणसानं दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. आम्ही मात्र भाच्याला नुसते शब्द देत होतो.

सकाळी वही घेऊन त्याच्याजवळ बसलो. कोणाचं किती देणं, सगळं लिहून काढलं. रात्रंदिवस छातीवर बसलेली काळजी अर्ध्या पानात मावली. घरमालकाला आम्हीच फोन लावला, ‘भाडं बुडणार नाही, उशिरा मिळंल.’ भला माणूस, थांबला. हप्त्याचं आमच्या कांद्याच्या पैशातून बघू, असं ठरवलं. मग भाच्याला कांदा काढायला वावरात नेलं. म्हणालो, ‘पुढच्या महिन्याचं राहू दे. आज या दोन वाफ्यांचं बघ.’ चार दिवसांनी कांदा काढता काढता त्यानं आपणहून हरिपाठ धरला. आमच्या डोळ्याला पाणी आलं.

पुढं आषाढ आला. पायी वारी नाही. ३० जूनला, दशमीला, पादुका एस्टीनं पंढरपूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी एकादशी आणि आम्ही घरात. आता ओट्यावर बसायची पाळी आमची होती. भाच्यानं उपदेश केला नाही. टाळ आणून हातात दिले आन् म्हणाला, ‘चला मामा, बांधानं चालू.’ दोघं अंधार पडेपर्यंत बांधानं चाललो.

माउली, दिवे घाट चढताना एखाद्याचे पाय भरून येतात. तेव्हा दिंडीत त्याला कोणी ‘चांगला विचार कर’ म्हणत नाही. एकजण त्याची पडशी घेतो, एकजण पाणी देतो, एकजण त्याच्या चालीनं चालतो. मग त्याच्या तोंडून नाम आपोआप येतं. शंभर वर्षं आपली दिंडी अशीच चालली.

भाचा परत अंधेरीला आला. डबे पहिल्यापेक्षा निम्मेच राहिलेत, दुपारनंतर तो दुसरं काम करतो. सगळं पहिल्यासारखं झालं, असं आम्ही म्हणणार नाही. पण देणं फिटलं, आणि यंदा तो दिंडीत आमच्या पुढं चालला.

तुम्ही मुंबईकर. भिंतीला भिंत लागून राहता, एका डब्यात उभं राहून कामाला जाता. शेजारी कोणी खचलेलं दिसलं, तर आधी विचारा, ‘काय अडलंय?’ जमंल तेवढं उचला. जमलं नाही, तर जवळ बसा. देवाचं नाव त्यानंतर दोघांनी मिळून घ्या.

चुकलं-माकलं पदरात घ्या. रामकृष्ण हरी!