उतारवयातील तोल

"वय झाले, आता पडायचेच" असे घरोघर सहज बोलले जाते. हा समज सोडून दिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. त्यांत साठीपुढील व्यक्तींची संख्या सर्वाधिक असते.

डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना यांच्या मेळातून शरीराचा तोल राखला जातो. मोतीबिंदूने दृष्टी मंदावते, मधुमेहाने तळपाय बधिर होतात, मांड्यांचे स्नायू क्षीण होतात. मग पहाटेच्या अंधारात उंबरठ्याला ठेच लागते, शेवाळलेल्या न्हाणीत पाय घसरतो. झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यास एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते. त्याने अंथरुणावर क्षणभर बसून मगच उठावे. गोळ्या मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

एकदा पडल्यावर मनात भय बसते. घरची माणसे आजीला मायेपोटी जागेवरून हलू देत नाहीत, आणि त्या मायेनेच तिचे पाय अधिक दुबळे होतात! त्याऐवजी, जवळ कोणी असताना, भिंतीला धरून काही क्षण एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे, असा सराव रोज करवून घ्यावा. न्हाणीत धरावयास पक्की दांडी बसवावी. ग्रामपंचायतीच्या व आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांना कठडा आहे काय, हेही सदस्यांनी पाहावे. त्यास फार खर्च येत नाही.