व्हॉल्व्हचे प्रीअँप्लिफायर : तुलना कशाची आणि कशी

घरच्या ध्वनिसंचात प्रीअँप्लिफायरची जागा मधली असते. त्याच्या एका बाजूला रेकॉर्ड प्लेअर, सीडी प्लेअर किंवा डीएसी, आणि दुसऱ्या बाजूला स्पीकर हलवणारा पॉवर अँप्लिफायर. त्याच्याकडे कामे चार : स्रोत निवडणे, आवाजाची पातळी ठरवणे, गरज असेल तिथे सिग्नल मोठा करणे, आणि तो पुढच्या यंत्रापर्यंत काही न गमावता पोचवणे. व्हॉल्व्हच्या महागड्या प्रीअँप्लिफायरांची तुलना बहुधा आवाजाच्या विशेषणांनी होते. ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘खोल’ हे शब्द ऐकणाऱ्याचा अनुभव सांगतात, पण त्यामागचे कारण सांगत नाहीत. ही चार कामे एखादे यंत्र कोणत्या मार्गाने करते हे पाहिले, तर तुलनेला भक्कम पाया मिळतो.

आधी मोठे करण्याचे काम. रेकॉर्डच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून सुमारे ५ मिलिव्होल्ट निघतात, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही कमी. सीडी प्लेअर आणि डीएसी मात्र थेट २ व्होल्टपर्यंत देतात, आणि बहुतेक पॉवर अँप्लिफायर एक-दोन व्होल्टवरच पूर्ण शक्तीला पोचतात. म्हणजे डिजिटल स्रोतासाठी प्रीअँप्लिफायरने सिग्नल मोठा करण्याची गरज फारशी नसते. ज्याच्याकडे रेकॉर्ड नाहीत त्याने जास्त गेनचे यंत्र घेतले, तर आवाजाची कळ कायम तळाशीच राहते आणि व्हॉल्व्हची खरखर मात्र उगाच मोठी होते. अशा संचाला १२ डेसिबल, म्हणजे चौपट गेन पुष्कळ होतो.

व्हॉल्व्हची रचना साधी आहे. निर्वात काचेच्या नळीत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन दाबाच्या प्लेटकडे ओढले जातात. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये असा दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्यात तिसरा ध्रुव आणला. पुढे ग्रिड म्हणून ओळखल्या गेलेल्या या ध्रुवावरचा दाब किंचित बदलला की प्लेटचा प्रवाह बराच बदलतो. हाच ट्रायोड. त्याचे दोन गुण तुलनेत सर्वांत महत्त्वाचे : तो सिग्नल किती पट करू शकतो हा प्रवर्धनांक, आणि प्लेटचा अंतर्गत रोध. पहिला गुण जास्त हवा असेल, तर बहुधा दुसराही जास्त पत्करावा लागतो.

१२एएक्स७, ज्याचे युरोपीय नाव ईसीसी८३, हे याचे ठळक उदाहरण. त्याचा प्रवर्धनांक १००, पण प्लेटरोध सुमारे ६२ हजार ओहम. ६एसएन७ हा जाड, आठ पिनांचा जुना व्हॉल्व्ह २० पट करतो. रोध ७,७०० ओहम. ई८८सीसी, म्हणजेच ६९२२, हा ३३ पट आणि अडीच-तीन हजार ओहम. सोव्हिएत बनावटीचा ६एच३० केवळ १५ पट करतो, पण त्याचा रोध हजार ओहमच्याही खाली येतो. यंत्राच्या माहितीपत्रकात व्हॉल्व्हचे नाव वाचताच त्याच्या मंडलाचा निम्मा स्वभाव कळतो, तो यामुळे.

१९५० च्या दशकाअखेर न्यूयॉर्कच्या मरांट्झ कंपनीने मॉडेल ७ बाजारात आणला. त्यात सहा १२एएक्स७ आहेत. काही वर्षांनी आलेल्या मॅकिंटॉशच्या सी२२ मध्येही सहा १२एएक्स७च. दोन्ही यंत्रे रेकॉर्डच्या काळातली, त्यामुळे त्यांचा जीव फोनो विभागात आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तीव्र स्वर उचललेले असतात. वाजवताना उलटी भरपाई करावी लागते. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मानकानुसार २० हर्ट्झ आणि २० हजार हर्ट्झ यांच्या पातळीत जवळजवळ ४० डेसिबलचा, म्हणजे शंभर पटींचा फरक पाडावा लागतो. मॉडेल ७ मध्ये दोन टप्प्यांनी सिग्नल भरपूर मोठा करून, तिसऱ्या कॅथोड फॉलोअरच्या टप्प्यावरून त्याचा काही भाग मागे फिरवला जातो. या फीडबॅकच्या वाटेतच आरआयएएची भरपाई बसवलेली आहे. जास्तीचा गेन खर्चून अचूकता आणि कमी विरूपण मिळवायचे, ही त्या काळाची विचारसरणी होती, आणि पुढच्या अनेक कंपन्यांनी हे मंडल पायाभूत मानले.

कॅथोड फॉलोअर का लागतो हे एका हिशेबाने स्पष्ट होते. १२एएक्स७ च्या प्लेटवरून सिग्नल थेट बाहेर काढला, तर एक लाख ओहमच्या प्लेट रेझिस्टरसह त्या टप्प्याचा निर्गम रोध ३८ हजार ओहमच्या आसपास राहतो. दोन मीटर तारेची धारिता सुमारे २०० पिकोफॅरड धरली, तर २१ हजार हर्ट्झलाच सिग्नल ३ डेसिबलने घसरतो, आणि घसरण त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. कॅथोड फॉलोअर सिग्नल मोठा करत नाही, पण हा रोध काहीशे ओहमवर आणतो.

ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हची जागा घेतल्यानंतर, १९७० मध्ये विल्यम झेन जॉन्सन यांनी मिनियापोलिसमध्ये ऑडिओ रिसर्च ही कंपनी काढून व्हॉल्व्ह पुन्हा उच्च दर्जाच्या संचात आणला. १९७७ मध्ये बिल कॉनराड आणि लू जॉन्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी कॉनराड-जॉन्सन सुरू केली. या दोन घराण्यांची पुढची वाटचाल तुलनेसाठी उत्तम आहे, कारण एकाच ध्येयाकडे जाणारे त्यांचे रस्ते वेगळे आहेत. कॉनराड-जॉन्सनच्या गॅट या प्रीअँप्लिफायरमध्ये प्रत्येक वाहिनीला ६९२२ चा एकच प्रवर्धक टप्पा आहे, फीडबॅक नाही, आणि त्याला मॉसफेटचा बफर थेट जोडलेला असल्यामुळे निर्गम रोध १०० ओहमच्या आत येतो. एकाच टप्प्यामुळे सिग्नलची दिशा मात्र उलटते. म्हणून स्पीकरच्या दोन्ही तारा उलट जोडून ती सरळ करावी लागते. ऑडिओ रिसर्चच्या रेफरन्स ६ मध्ये सिग्नलसाठी सहा ६एच३० आहेत आणि वीजपुरवठ्याचे नियमनही व्हॉल्व्हनेच होते. हे मंडल बॅलन्स्ड आहे : सिग्नलच्या सरळ आणि उलट अशा दोन प्रती बरोबरीने चालतात आणि दोन्हींत सारखा शिरलेला बाहेरचा गोंगाट शेवटी वजा होतो. कंपनीने त्याचा निर्गम रोध बॅलन्स्ड जोडणीत ६०० ओहम दिला आहे, आणि पुढच्या यंत्राचा आगम रोध किमान २० हजार ओहम असावा अशी अटही घातली आहे.

६एच३० घरगुती संचात आणण्याचे श्रेय बॅलन्स्ड ऑडिओ टेक्नॉलॉजी या कंपनीचे अभियंते व्हिक्टर खोमेंको यांना दिले जाते. अॅटमा-स्फिअरच्या एमपी-१ मध्ये राल्फ कार्स्टन यांनी ६एसएन७ वापरून निर्गमावरचा कपॅसिटर काढूनच टाकला आणि सिग्नल थेट जोडला. इंग्लंडमध्ये टिम डी पॅराव्हिसिनी यांनी ईएआर ९१२ साठी ट्रान्सफॉर्मरची वाट धरली. स्टुडिओच्या यंत्रांचा त्यांचा अनुभव त्यात उतरला आहे. जपानमध्ये हिरोयासू कोंडो यांनी चांदीच्या तारेचे ट्रान्सफॉर्मर आणि चांदीच्या पत्र्याचे कपॅसिटर हाताने बनवण्याला महत्त्व दिले. किमतीचा मोठा भाग अशा सुट्या भागांत, निवडून जुळवलेल्या व्हॉल्व्हमध्ये आणि हाताच्या कामात जातो.

पण कितीही किंमत मोजली, तरी पुढच्या यंत्राशी जुळणी आपोआप होत नाही. बहुतेक व्हॉल्व्ह प्रीअँप्लिफायरांत प्लेटचा उच्च दाब अडवण्यासाठी निर्गमावर कपॅसिटर असतो. तो १ मायक्रोफॅरडचा आणि पॉवर अँप्लिफायरचा आगम रोध एक लाख ओहम असेल, तर खर्जाची मर्यादा १.६ हर्ट्झवर, म्हणजे ऐकण्याच्या टप्प्याच्या कितीतरी खाली जाते. तोच कपॅसिटर १० हजार ओहमच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरला जोडला, तर ही मर्यादा १६ हर्ट्झवर येते आणि २० हर्ट्झला २ डेसिबल हरवतात. या जोडीचा खर्ज पातळ वाटला, तर दोष एकट्या प्रीअँप्लिफायरवर टाकणे अन्यायाचे ठरते. आगम रोध निर्गम रोधाच्या दहापट तरी असावा, आणि वीसपट असला तर अधिक चांगले, हा नियम खरेदीच्या आधीच कागदावर तपासता येतो.

व्हॉल्व्हच्या आवाजाचे रहस्य अनेकदा विरूपणात शोधले जाते. एकेरी ट्रायोडच्या विरूपणात दुसरा उपस्वर प्रमुख असतो. मूळ षड्ज असेल, तर हा वरच्या सप्तकातला षड्जच. तिसरा उपस्वर पंचम, पाचवा गंधार. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार तो हाच. सातव्यापासून पुढचे काही उपस्वर स्वरमेळात बसत नाहीत आणि कानाला टोचतात. बॅलन्स्ड मंडलात सम उपस्वर एकमेकांना छेदतात, म्हणून त्याच व्हॉल्व्हचा स्वभाव एकेरी आणि बॅलन्स्ड मंडलांत वेगळा उतरतो. पण चांगल्या प्रीअँप्लिफायरमध्ये नेहमीच्या पातळीला विरूपणाचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असते. म्हणून आवाजाचे सगळे श्रेय विरूपणाला देता येत नाही. निर्गम रोध, वीजपुरवठा आणि गोंगाट यांचा वाटाही तेवढाच.

गोंगाटाचे तीन प्रकार कानाने वेगळे ओळखता येतात. अखंड सरसर व्हॉल्व्हमधून येते. घुमणारी हम ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि ती वीजपुरवठ्यातून किंवा सदोष अर्थिंगमधून येते. म्हणूनच चांगल्या यंत्रांत कॅथोड तापवणाऱ्या फिलामेंटला डीसी देतात आणि ट्रान्सफॉर्मर कधी कधी स्वतंत्र पेटीत ठेवतात. तिसरा प्रकार मायक्रोफोनी : स्पीकरच्या कंपनाने व्हॉल्व्हमधली ग्रिड हलते आणि तेच कंपन सिग्नलमध्ये उतरते. फोनोच्या पहिल्या व्हॉल्व्हमध्ये हा दोष सर्वांत जास्त जाणवतो. दुकानात आवाजाची कळ पूर्ण वर नेऊन, काही न वाजवता ऐकले, तर पहिले दोन दोष लगेच कळतात.

प्रत्यक्ष ऐकताना पातळी जुळवणे ही पहिली अट. दोन यंत्रांपैकी किंचित मोठे वाजणारे बहुतेकांना अधिक चांगले वाटते. १ हजार हर्ट्झचा स्वर वाजवून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटरने दाब मोजावा आणि फरक ०.१ डेसिबलच्या, म्हणजे सुमारे एका टक्क्याच्या आत आणावा. यंत्रे अर्धा तास तरी तापलेली असावीत. रेकॉर्डिंग ओळखीचे हवे : मानवी आवाज, तंबोरा आणि तबल्याचा बाया, हे तिन्ही असलेली मैफल मध्य, उपस्वर आणि खर्ज एकदम तपासते. कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल, तर निकाल अधिक विश्वासाचा.

शेवटी देखभाल. ई८८सीसी सारखे खास दर्जाचे व्हॉल्व्ह १० हजार तासांसाठी बनवले जात. रोज दोन तास वाजवले तर वर्षाला ७३० तास होतात. सामान्य व्हॉल्व्हचे आयुष्य याहून कमी धरावे. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही व्हॉल्व्ह बनत. आता नव्या व्हॉल्व्हसाठी मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथील कारखान्यांवर अवलंबून राहावे लागते. १२एएक्स७ सहज मिळतो, ६एच३० चा पुरवठा मर्यादित आहे, हेही यंत्र निवडताना मोजावे. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहू शकतो. म्हणून पेटी उघडणे जाणकार तंत्रज्ञाचेच काम.

तुलनेचा क्रम त्यामुळे असा ठरतो : स्रोतानुसार किती गेन हवा, पॉवर अँप्लिफायरचा आगम रोध किती, त्याला कोणता व्हॉल्व्ह आणि कोणता निर्गम मानवेल, गोंगाट किती, दुरुस्ती आणि व्हॉल्व्ह कुठे मिळतील. या चाळणीतून उरलेली दोन-तीन यंत्रे समान पातळीला, आपल्याच संचावर ऐकून निवड करावी. किंमत हा त्यातला शेवटचा प्रश्न.