फिल्म किती तास चालली?



सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांतून आलेल्या प्राध्यापकांपुढं आणि संशोधक विद्यार्थ्यांपुढं अध्यक्षानं उत्साहाचं बोलावं असा संकेत आहे. मी थोडं तक्रारीचं बोलणार आहे. तक्रार घरातलीच आहे.

कासच्या पठारावर जांभा तुडवलेल्यांना प्रकाशानं पाणी फोडण्याच्या आपल्या विषयातला एक गाजलेला पदार्थ ओळखीचाच आहे. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडांचा, त्यांतलंच एक हेमटाइट. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. पण तो पदार्थ अतिनील किरणच पकडतो, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. हेमटाइट निळा-हिरवा प्रकाशही घेतं, वर स्वस्त. मग अडतं कुठं? प्रकाश पुरता शोषायला फिल्म, म्हणजे काचेवरचा हेमटाइटचा पातळ थर, काहीशे नॅनोमीटर जाड हवी, आणि प्रकाशानं सुटलेला होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन जागा) मात्र २ ते ४ नॅनोमीटरांतच दम तोडतो. पाण्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून फिल्म सपाट न ठेवता उसाच्या फडासारखी उभी करायची: ऊन कांडीच्या उंचीभर मुरतं, होलला मात्र कांडीच्या जाडीएवढंच चालावं लागतं. नॅनोरचनेचं सारं प्रयोजन एवढंच. तरीही हेमटाइटला बाहेरून थोडा विद्युतदाब द्यावाच लागतो, हे आपण प्रस्तावनेत लिहितो आणि निष्कर्षात विसरतो.

अशा फिल्म करायला आपल्याकडे कोट्यवधींची यंत्रं नव्हती. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी रासायनिक पद्धती रुजवल्या, त्या बीकरवर चालतात. त्यांतली सिलार म्हणजे काय? काच एका द्रावणात बुडवा, पाण्यात धुवा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, पुन्हा धुवा. झाला एक फेरा. मी असे शेकडो फेरे हातानं केलेत. बारा काचांपैकी एकीचा आलेख सुंदर आला, तो प्रबंधात गेला. उरलेल्या अकरा कचऱ्यात. एकीची फिल्म तर धुतानाच पापुद्र्यासारखी सुटली होती. त्या अकरांची नोंद ठेवली नाही, ही माझी चूक.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. प्रवाह दिसला म्हणजे पाणी फुटलं, असं नव्हे. कॅडमियम सल्फाइडची फिल्म प्रकाशात स्वतःच झिजते आणि त्या झिजण्याचाही प्रवाह मिळतो. सल्फाइटच्या द्रावणात हायड्रोजन निघतो खरा, पण तिथं खर्ची पडतं ते सल्फाइट. ऑक्सिजन निघतच नाही. वायू मोजल्याशिवाय मिलिअँपिअरवर विश्वास ठेवू नये. गॅस क्रोमॅटोग्राफ शेजारच्या महाविद्यालयात असेल, तर काच घेऊन एसटीनं जावं.

२०२३ साली केंद्रानं हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. त्या वेळी २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. एक किलो हायड्रोजनला किमान नऊ लिटर पाणी लागतं, तेही शुद्ध. माण आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतल्या मुलांना नऊ लिटर म्हणजे किती, हे सांगावं लागत नाही. पण त्या गणितापर्यंत पोचायला फिल्म वर्षानुवर्षं टिकायला हवी, आणि आपले बहुतेक प्रयोग दुपारच्या चहापर्यंत संपतात.

तेव्हा एकच विनंती. दुपारच्या पोस्टर सत्रात प्रत्येकानं आपल्या आलेखाशेजारी पेनानं एक आकडा लिहावा: फिल्म किती तास चालली. एकच तास चालली असेल, तर एक लिहा.