कोमट पाण्यानं काकू गार कशा झाल्या?

आम्ही गटातल्या बायका आज पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत.

गेल्या मे महिन्यात शेतात धसकटं वेचता वेचता आमच्या गटातल्या एक काकू भोवळ येऊन पडल्या. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही त्यांना लिंबाच्या सावलीत आणलं, १०८ ला फोन लावला आणि कळशीतलं पाणी अंगभर शिंपडून पदरानं वारा घालत बसलो. गाडी येईपर्यंत काकू भानावर आल्या होत्या.

बऱ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "अगं, कळशी उन्हातच होती. पाणी कोमट होतं. मग मला गार कसं वाटलं?" आम्हाला सांगता येईना. मग आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पाण्याचा सगळ्यात बारीक कण म्हणजे रेणू. त्यात एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन. ऑक्सिजन विजेचा भार आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते, हायड्रोजनची बाजू किंचित धन. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. आपण फेर धरतो ना, तसंच. एकीचा हात सुटतो, लगेच दुसरीचा धरला जातो. रेणूच्या आतल्या पक्क्या जोडाच्या मानानं हा बंध फार कच्चा, साधारण विसावा हिस्सा. पण एक रेणू चौघांना धरू शकतो आणि एका थेंबात रेणू असतात अगणित.

या कच्च्या धाग्यांची ताकद बघा. गोबर गॅसला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाईडचा. बांधणी पाण्यासारखीच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. तरी तो उणे ६० अंशालाच उकळून वायू होतो, कारण त्याची एकमेकांवरची पकड फार ढिली. पाणी मात्र १०० अंशापर्यंत टिकतं. हे बंध नसते तर पाणीही हवेतच असतं. विहीर नाही, पीक नाही, आपणही नाही.

आता काकूंचा प्रश्न. पाण्याची वाफ व्हायची तर हे सगळे हात सोडवावे लागतात आणि त्याला उष्णता लागते. चुलीवर बघा, पाणी उकळीला आणायला जेवढी आच लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त ते पुरतं आटवायला लागते. काकूंच्या अंगावरचं पाणी वाळताना ही उष्णता त्यांच्या अंगातून घेत होतं. म्हणून पाणी कोमट असूनही अंग निवलं. माठही असाच गार होतो. बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवाच ओली, म्हणून माठ तेवढा गार होत नाही. दमट हवेत घामही वाळत नाही, म्हणून तिथं ऊन कमी असलं तरी उकाडा घात करतो.

सुती धाग्यालाही पाण्याला धरणारे असे हात असतात, म्हणून ते पाणी धरून ठेवतं. पॉलिस्टरला ते जवळजवळ नसतात, म्हणून त्यावरून पाणी ओघळून जातं. तेव्हा शेतात जाताना सुती पंचा किंवा जुन्या लुगड्याचा तुकडा सोबत ठेवा.

कुणाला ऊन लागलं तर सावलीत न्या, अंगभर ओलं करा आणि वारा घालत राहा, कारण वाऱ्यानं पाणी लवकर वाळतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. १०८ ला लगेच फोन करा.

काकू आता शेतात जाताना पंचा भिजवूनच डोक्याला गुंडाळतात. तुम्हीही गुंडाळा. पुन्हा भेटूच. नमस्कार.