‘नाताळ’ : एका शब्दाचें कूळ

पंचवीस डिसेंबरच्या सणाला ‘नाताळ’ म्हणतांना आपण परका शब्द उच्चारीत आहों, अशी शंकाहि मराठी माणसाला येत नाहीं. शेवटीं खणखणीत ‘ळ’ असल्यावर शब्द घरचा नव्हे असें कोण म्हणेल? तथापि इंग्रजी अंमलाच्या बऱ्याच आधीं तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यास लागला. चावी, बटाटा आणि पाद्री हे त्याचेच सहप्रवासी होत.

पोर्तुगीज ‘नाताल’चें मूळ लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्मासंबंधीचा. त्याच्या पोटांत ‘नातुस’, जन्मलेला, हा शब्द आहे. ह्याचें जुनें रूप ‘ग्नातुस’; आणि ‘नवजात’ ह्या शब्दांतील संस्कृत ‘जात’ त्याचाच सगोत्र. शब्द समुद्रापलीकडून आला खरा, पण आला तो ‘जन्म’ ह्या आपल्या शब्दाच्या दूरच्या भावकींतून.

इंग्रजी ‘ख्रिसमस’मध्यें जन्माचा उल्लेखच नाहीं. ख्रिस्ताचा ‘मिस्सा’, म्हणजे देवळांतील उपासनाविधि, एवढाच त्याचा अर्थ. त्यांतहि गंमत अशी कीं, ‘मिस्सा’ हें नांव त्या विधीच्या अखेरीस भाविकांना निरोप देणाऱ्या लॅटिन वाक्यावरून पडलें आहे!

‘नातालिस’चा इतिहास मात्र ह्याहून विलक्षण. प्रारंभींच्या ख्रिस्ती मंडळींस वाढदिवसाचें कौतुक नव्हतें. तिसऱ्या शतकांतील ऑरिजेन ह्या पंडितानें तर तें पापी राजांचें काम ठरविलें. हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा स्वर्गांतील जन्मदिन, असें मानून त्या दिवसाला ‘नातालिस’ म्हणत. आपली पुण्यतिथीची कल्पना येथें सहज आठवावी. येशूचा जन्म पंचवीस डिसेंबरचा, ही निर्विवाद नोंद प्रथम आढळते ती इ. स. ३५४ मध्यें सिद्ध झालेल्या एका रोमन पंचांगांत.

इ. स. १४९७ च्या ह्याच सणाच्या सुमारास वास्को द गामा हिंदुस्थानाच्या शोधांत आफ्रिकेच्या किनाऱ्यानें चालला होता. दिसलेल्या भूमीला त्यानें ‘नाताल’ असें नांव ठेविलें. गांधीजींनीं १८९४ सालीं जेथें हिंदी लोकांची काँग्रेस स्थापिली, तें नाताळ हेंच.

पुढें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेतली. किल्ल्यावरचें निशाण उतरलें. वसईच्या ख्रिस्ती घरांतून मराठी बोली चालू राहिली, आणि तिच्यांत ‘नाताळ’हि.