पोलेन्झोची शाळा आणि आपला कडबा



आमच्या परिचयातील एक मुलगा इटलीत अन्नाचा अभ्यास करायला निघाला, तेव्हा त्याच्या आजीने कपाळाला हात लावला. “पोट्टं सैपाक शिकाले इटलीले चाललं म्हनते!” म्हातारीचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. एवढा पैसा खर्चून तेथे शिकायचे तरी काय?

स्वयंपाक नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. वायव्य इटलीत ब्रा गावाशेजारी पोलेन्झो येथे २००४ साली हे विद्यापीठ निघाले. ते उभारले कार्लो पेत्रिनी यांच्या ‘स्लो फूड’ चळवळीने. १९८६ साली रोममध्ये मॅकडोनाल्डचे उपाहारगृह उघडले, त्याविरुद्धच्या निषेधातून या चळवळीला बळ मिळाले. येथील विद्यार्थी शेत, गोठा आणि बाजार पाहत हिंडतात. ताटातला घास कोठून आला आणि त्याच्यावर कोण कोण जगते, हा त्यांचा विषय.

पार्मा भागातील चीजचेच पाहा. सुमारे साडेपाचशे लिटर दुधाचे चाळीस किलोंचे एक चाक होते, आणि निदान बारा महिने मुरल्याशिवाय ते विकता येत नाही. गाईंना मुरघास घालायचा नाही, असा दंडक. त्यामुळे गवताची कुरणे टिकली. चीज काढून उरलेले पाणी डुकरांना जाते, आणि त्या डुकरांच्या मांसावर दुसरा धंदा चालतो. (आपल्याला त्याचे वावडे असेल, साखळी तेवढी लक्षात घ्या.) बरे, वर्षभर माल मुरेपर्यंत गवळ्याने खावे काय? तेथील एक बँक १९५३ पासून ही चाके आपल्या कोठारात तारण ठेवून कर्ज देते!

अशी साखळी आपल्याकडे नव्हती काय? ज्वारीचे कणीस माणसाला, कडबा बैलाला, शेण वावराला. वऱ्हाडात हे कोणी विद्यापीठात शिकले नव्हते. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारीला भाव नव्हता, पाखरे राखायला माणूस मिळेना, आणि रोख पैसा तर सर्वांनाच लागतो. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. सोयाबीनचे कुटार जनावर खाते, तरी कडब्याची सर त्याला नाही. गोठा रिकामा झाला आणि शेणखत विकत घ्यायची पाळी आली. आपल्या मोर्शीच्या संत्र्याच्या बागांनाही शेणखतच लागते, हे येथे बसलेल्या बागाईतदारांना आम्ही काय सांगावे! त्यात बाग झाडावरच व्यापाऱ्याला देऊन टाकायची. फळ मुरवून थांबण्याची सोय नाही, आणि थांबेपर्यंत हात देणारी बँकही नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये इटलीच्या पाककलेला युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले. ती बैठक भरली होती दिल्लीच्या लाल किल्ल्यात. आपल्याच अंगणात झालेला हा निर्णय आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानात राहिला?

आता त्या मुलाचे सांगतो. परदेशी गेल्यावर एके रात्री त्याने आजीला फोन लावला. कळण्याच्या भाकरीत उडीद किती घालायचा, ते विचारले. आजीने खुशीत सारे प्रमाण सांगितले. मग त्याने विचारले, “आन् ज्वारी कोनाच्या वावरातली असते, आजी?”

“वावरातली कुठची रे बापा,” आजी म्हणाली, “आता दुकानातून आनतो.”